पोच द्या, मग बोलू

मागच्या शनिवारी काही लिहिलं नाही, त्याचं कारण शुक्रवारी कॅन्टीनमध्ये झालेलं भांडण. भांडण म्हणजे अगदी हातघाईवर नाही, पण चहा गार होईपर्यंत वाद झाला आणि मी आवाज चढवला. विषय नेहमीचाच. आपण टॅक्स भरायचा आणि यांनी लोकांना फुकट वाटायचा. टेबलावर आम्ही पाच जण, पाचही इंजिनिअर, त्यातले तिघे मराठवाड्यातले. (मराठवाड्यातला माणूस हिंजवडीत दोन वर्षं राहिला की मराठवाड्याबद्दल असा बोलायला लागतो की जणू तो फक्त टीव्हीवर पाहिलाय. मीही बोललोय, खोटं कशाला सांगू.) एकानं मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि म्हणाला, "हे बघा, काम नाही केलं तरी भत्ता! रोजगार हमीत बेकारी भत्ता असायचा म्हणे. आपल्याला कोण देतं रे घरी बसायचे पैसे?"

मी त्याला एकच विचारलं. तू बेंचवर किती दिवस होतास?

तो चार महिने होता. मी २०२३ मध्ये तीन महिने होतो. मंडळी, त्या तीन महिन्यांत मी काय केलं हे टाइमशीटवर लिहिलेलं वेगळं आणि खरं वेगळं. खरं म्हणजे दोन ऑनलाइन कोर्स अर्धवट केले, तीन वेळा तुळजापूरला घरी गेलो, आणि आईला वाटलं पोराला कंपनीनं काढलं की काय. पगार? पूर्ण. शंभर टक्के. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, न मागता, बँकेत. कुणी विचारलं नाही की बाबा, या काळात तू कुठं दोन तास फ्रीलान्स काम केलंस का. (केलं होतं. एका मित्राच्या मामाच्या दुकानाची वेबसाइट.) माझ्या बेंचला कुणी बेकारी भत्ता म्हटलं नाही. त्याला 'रिसोर्स ॲव्हेलेबल' असं गोंडस नाव आहे.

यावर मित्र म्हणाला, "ते कंपनीचे पैसे आहेत, सरकारचे नाहीत." बरोबर आहे. म्हणून आता सरकारच्या पैशाकडे येतो, आणि त्यासाठी पेस्लिप उघडा. खरंच उघडा. कपातीच्या रकान्यात पीएफ, टीडीएस यांच्या खाली एक फालतू वाटणारी ओळ दिसेल. प्रोफेशनल टॅक्स, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. नोकरी लागल्यापासून ही ओळ मी पाहतोय, पण हे २०० रुपये कशाचे हे मला सहा वर्षांत एकानंही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

ते रोजगार हमीचे. महाराष्ट्रानं १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला तो मुख्यतः रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. शहरात पगार घेणाऱ्यानं महिन्याला थोडं द्यायचं, तेवढीच भर सरकारनं घालायची आणि त्यातून खेड्यात मागेल त्याला काम द्यायचं, असा तो सौदा होता. म्हणजे कॅन्टीनमध्ये आम्ही ज्याच्या नावानं खडे फोडत होतो त्याचा हप्ता आमच्याच पगारातून जातोय. तर मग त्या हप्त्याचं नेमकं होतं काय, हे बघायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. मी बघितलं. अगदी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवून बघितलं, तेच आज सांगतो.

माझी एक मावशी आहे. सख्खी, आईची धाकटी बहीण. तुळजापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिला तिथंच राहायचंय. दोन एकर कोरडवाहू, त्यातला एक एकर नुसता मुरूम. काका कमरेच्या दुखण्यानं घरी. मावशी काय काम करते असं कुणी विचारलं तर उत्तर देणं अवघड आहे. जूनपासून खुरपणी, ऑक्टोबरात सोयाबीन काढणी, मग मिळालीच तर हरभऱ्याची. आणि वर्षभर मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, म्हणजे भवानीच्या दर्शनाला गर्दीचे दिवस, तेव्हा काळीपिवळीत बसून तुळजापूरला यायचं आणि एका लॉजवर चादरी धुवायच्या, खोल्या झाडायच्या. गर्दी असली तर दिवसाचे ३०० रुपये, नसली तर मालक दुपारी "जावा मावशी आता" म्हणतो आणि १५० हातावर ठेवतो. कधी आठवड्यात तीन दिवस, कधी शून्य. हिला नोकरदार म्हणायचं की बेकार?

हा प्रश्न मी उगाच विचारत नाहीये. सगळं घोडं इथंच अडलं.

२०२५ चा एप्रिल. शेतात काही नाही, लग्नसराईचा खर्च पुढं, आणि मी घरून काम करत तुळजापुरात होतो. मावशी म्हणाली, "लेकरा, तू शिकलेला हायेस. रोजगार हमीचं काम मागायला कागद द्यावा लागतोय म्हणं. तेवढा लिहून दे." जॉबकार्ड तिच्याकडं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून. मी नमुना ४ चा अर्ज भरला. एक महिन्याचं काम पाहिजे, खाली सही. सोमवार, ७ एप्रिल. दोघं गावच्या कार्यालयात गेलो. मी मनातून खूश. केंद्राचा २००५ चा कायदा मी आदल्या रात्रीच वाचून काढला होता. पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर सोळाव्या दिवसापासून बेकारी भत्ता. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, त्यानंतर त्या आर्थिक वर्षात किमान निम्मा. महाराष्ट्रात त्या वर्षी मजुरीचा दर ३१२ रुपये होता, म्हणजे भत्ता दिवसाला ७८. हिशोब सोपा. दहावीच्या पोराला जमेल.

कार्यालयात ग्रामरोजगार सेवक होता. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. त्यानं अर्ज वाचला, टेबलाच्या खणात ठेवला आणि म्हणाला, "ठीकाय, काम निघालं की सांगतो." मी म्हटलं, पोच द्या. तारीख घातलेली.

तो माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मी त्याची किडनी मागितली.

"पोच कशाला? मावशी आपल्याच आहेत." मग, "सध्या शेल्फवर काम नाही, पोच देऊन काय उपयोग." मग, "वरून सांगितलंय, काम असल्याशिवाय मागणी घेऊ नका." आणि मी हटत नाही हे बघितल्यावर शेवटचा बाण. "मावशी तर तुळजापुरात लॉजवर जातात की! आत्ता चैती पुनवेला जातीलच. मग त्या बेकार कशा?"

यावर मावशी गप्प. मला तिचा चेहरा अजून आठवतो. चोरी पकडल्यासारखा. तीन दिवस दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या हा जणू तिचा गुन्हा!

आता मुद्द्यावर येतो. 'बेकारी भत्ता' हे नावच चुकीचं आहे, आणि या नावानं निम्मा घोळ घातलाय. नाव ऐकलं की वाटतं, आधी बेकार असल्याचं सिद्ध करा, घरी बसून दाखवा, मग पैसे. कायद्यात असं कुठंही नव्हतं. खेड्यात राहणारा, अंगमेहनतीचं काम करायला तयार असलेला कुठलाही प्रौढ माणूस काम मागू शकत होता. तो काल काय करत होता, परवा लॉजवर जाणार आहे का, हा प्रश्नच नाही. प्रश्न एकच, आणि तोही सरकारला. पंधरा दिवसांत काम दिलंत का? हो किंवा नाही.

आयटीवाल्यांनो, हे आपल्याला ओळखीचं वाटत नाही का? हा एसएलए आहे. शुद्ध एसएलए. क्लायंटनं तिकीट काढलं, पंधरा दिवसांत सोडवायचं ठरलं, नाही सोडवलं तर पेनल्टी. ती पेनल्टी म्हणजे क्लायंटवर केलेले उपकार नसतात. तुमचा सर्व्हर बंद होता त्या काळात तुम्ही दुसरा बॅकअप वापरलात, म्हणून पेनल्टी मिळणार नाही, असं एखाद्या अमेरिकन क्लायंटला सांगून बघा. तो कॉलवरच काय बोलेल ते इथं लिहिता येणार नाही. बेकारी भत्ता ही रेवडी नाही, खिरापत नाही. शब्द मोडल्याचा दंड आहे तो.

मग दंड वसूल का होत नाही? कारण तिकीट काढायचं बटण व्हेंडरच्या हातात आहे! काम तयार होईपर्यंत मागणी नोंदवायचीच नाही. काम निघालं की त्या दिवशी अर्ज घ्यायचा, त्याच दिवशीची मागणी दाखवायची, आणि दुसऱ्या दिवशी काम दिलं म्हणून लिहायचं. डॅशबोर्डवर चित्र काय? जेवढ्यांनी काम मागितलं जवळपास तेवढ्या सगळ्यांना मिळालं. हिरवंगार. मी आठ दिवस त्या सरकारी संकेतस्थळाचे तक्ते चाळत होतो आणि इंजिनिअर म्हणून मला लाज वाटत होती. प्रणाली उत्तम आहे हो! मजूर, मस्टर, बँक खातं, सगळं जोडलेलं. देय भत्त्याचा हिशोबही ती स्वतः करते. पण ज्या प्रणालीत पहिली नोंद करणं हे ज्याच्यावर दंड बसणार त्याच्या मर्जीवर आहे, तिच्यात पुढचं कितीही अचूक गणित घाला, उत्तर शून्यच येणार. आणि ही काही मी शोधून काढलेली गोष्ट नाही. कॅगनं २०१३ च्या अहवालात तारखेची पोच न देण्यावर आणि भत्ता न मिळण्यावर बोट ठेवलं होतंच.

यात आणखी एक पाचर आहे. मजुरीचा पैसा केंद्राचा, भत्त्याचा पैसा राज्याचा, अशी २००५ च्या कायद्याची वाटणी होती. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असावा. काम दिलं तर फुकट, नाही दिलं तर स्वतःच्या खिशातून, म्हणजे राज्य सरकारं पळत काम देतील. कागदावर छान! पण यात तिसरा रस्ता राहिला. कामही द्यायचं नाही आणि मागणीही लिहायची नाही. तोच सगळ्यात स्वस्त. ज्यानं कधी पगारवाढीचं फॉर्म्युला शीट बघितलंय त्याला कळेल की माणसं फॉर्म्युल्यातली भोकं किती लवकर शोधतात. शिवाय त्याच कलमात 'राज्य सरकारच्या आर्थिक कुवतीच्या अधीन राहून' असेही शब्द होते. दंड भरायचा, पण परवडला तर. माझ्या क्रेडिट कार्डच्या लेट फीला ही सवलत लागू करता येईल का, बघतो :)

बरं, हा रोग दिल्लीहून आला असंही म्हणायची सोय नाही. रोजगार हमी ही मूळ आपली. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी तुळजापूर-नळदुर्ग भागात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. सुकडी खाऊन दिवस काढले हे ती मरेपर्यंत सांगायची, आणि अंगठ्याच्या नखाखालचा काळा डाग दाखवायची. १९७३ च्या मेमध्ये राज्यभरात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून ही योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणं हा हक्क, आणि काम न दिल्यास भत्ता, हे दोन्ही त्या कायद्यात होतं. देशात पहिल्यांदा. भत्त्याचा दर? दिवसाला किमान एक रुपया. आजीला हा रुपया कधी मिळाला का, हे मी आईला विचारलं. आई म्हणाली, "असं काही असतंय हेच कुणाला म्हाईत होतं?" अभिमान बाळगावा अशी गोष्ट आपण केली आणि तिच्यातला दात पहिल्या दिवसापासून खोटा बसवला.

मिळतच नाही असंही नाही. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात, पाटी भागात, आदिवासी मजुरांनी २००६-०७ च्या सुमारास हा भत्ता मिळवला होता. आपल्या नंदुरबारला लागून आहे तो जिल्हा. त्यांनी काय मोठं केलं? संघटना बांधली आणि आधी तारखेच्या पावतीसाठी भांडले. पैशासाठी नंतर.

आता मावशीचं पुढं काय झालं ते. २१ एप्रिलला, म्हणजे चौदाव्या दिवशी, परत गेलो. चैत्री पौर्णिमा १२ तारखेला होऊन गेलेली, मावशी तीन दिवस लॉजवर जाऊन आलेली. खणातला अर्ज सापडेना. तहसील कचेरीत गेलो तर तिथं सांगितलं, ग्रामपंचायतीची पोच आणा, मग बोलू. ग्रामपंचायतीत सांगितलं, तहसीलातून काम मंजूर करून आणा, मग पोच देऊ. (सर्क्युलर डिपेंडन्सी. कंपायलरसुद्धा एरर देतो.) शेवटी वैतागून मी ५ मे रोजी तोच अर्ज परत लिहिला आणि रजिस्टर एडीनं पाठवला. मावशी म्हणाली, "आरं दोन किलोमीटरवर तर हाय हापिस, पोष्टानं कशाला?" ८ मे ला तो पोचला आणि चार दिवसांनी पोस्टमननं कार्ड आणून दिलं. शिक्का, सही, तारीख. रोजगार हमी खात्याकडून महिनाभर मिळाली नाही ती पोच पोस्ट खात्यानं दिली.

आणि मग चमत्कार! २१ मे ला, तेराव्या दिवशी, निरोप आला. उद्यापासून कामावर या. एका शेतकऱ्याच्या विहिरीचं खोदकाम, चार-पाच किलोमीटरवर. पंधरा दिवसांच्या आत. एसएलए पाळला! मावशी गेली. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा ॲपवर फोटो काढून हजेरी, रेंज नसली की सगळे मजूर फोन धरलेल्या माणसामागं बांधावर. चार दिवस काम झालं आणि मेच्या अखेरीसच मान्सून दारात. खड्ड्यात पाणी, काम बंद.

७ एप्रिलचा अर्ज धरला असता तर पंधरा दिवस २२ एप्रिलला संपले असते. २३ एप्रिल ते २१ मे हे दिवस झाले २९. गुणिले ७८. दोन हजार दोनशे बासष्ट रुपये. माझा वर्षाचा प्रोफेशनल टॅक्स २,५००. म्हणजे मी एकट्यानं भरलेल्या पैशात मावशीचा दंड चुकता होऊन २३८ रुपये उरले असते, दोघांचं काळीपिवळीचं भाडं निघालं असतं. मिळाले किती? शून्य. कारण ते २९ दिवस कुठल्याच संगणकात नाहीत.

मित्रानं यावर विचारलेला प्रश्न मात्र मी टाळणार नाही. तो म्हणाला, "पण समज पोच मिळाली असती, आणि त्या २९ दिवसांत तिनं लॉजवर दहा दिवस काम केलं असतं, तर दोन्हीकडून घेणं बरोबर आहे का?" चांगला प्रश्न आहे. कायद्यानं त्याचं उत्तर दिलंच होतं. कुटुंबाला मिळालेली मजुरी आणि भत्ता मिळून शंभर दिवसांच्या मजुरीइतका झाला की भत्ता बंद. वरची मर्यादा ठरलेली होती. पण त्याच कायद्यात दुसरं एक कलम होतं जे मावशीसारख्यांना मुळावर येतं. दिलेल्या कामावर न विचारता एका महिन्यात एकूण एक आठवड्यापेक्षा जास्त गैरहजर राहिलात, तर तीन महिने भत्ता मागायचा नाही. आता मोजा. मंगळवार आणि शुक्रवार, महिन्याचे आठ दिवस. आठवड्याचे सात. लॉजचे दोन वार धरून ठेवले तर रोजगार हमीतून बाद, आणि रोजगार हमीसाठी लॉज सोडलं तर विहीर चार दिवसांत बुडाली की लॉजवाल्यानं दुसरी बाई ठेवलेली. पूर्ण वेळ बेकार राहा नाहीतर पूर्ण वेळ मजूर व्हा, मधलं काही मान्य नाही. आणि खेड्यात तर सगळं मधलंच असतं!

हे फक्त खेड्यात चालतं असं समजू नका. आपल्या ऑफिसात हाउसकीपिंगला आणि गेटवर जी माणसं आहेत, त्यांच्यातल्या ईएसआय असलेल्यांसाठी २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ९० दिवस भत्ता, सरासरी कमाईच्या २५ टक्के, तो २०२० मध्ये ५० टक्के केला. चांगली गोष्ट. पण पात्रतेला सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी पाहिजे. म्हणजे महिन्याला १३ दिवस. कंत्राटदारानं तुम्हाला महिन्याला बाराच दिवस बोलावलं तर भरतात ७२. सहा दिवसांनी हुकलं, तर सहा दिवसांचे पैसे कापले जात नाहीत, सगळेच जातात. ज्याचे तास सगळ्यात अनिश्चित, त्यालाच गरज सगळ्यात जास्त, आणि तोच नेमका बाहेर.

इंग्लंडात युनिव्हर्सल क्रेडिट नावाची पद्धत आहे. तिच्या नावानं तिथले लोक पुष्कळ शिव्या घालतात, आणि त्यात तथ्यही आहे. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. थोडं काम केलं म्हणून भत्ता धाडकन बंद होत नाही. २०२१ च्या अखेरीपासून, कमावलेल्या दर पौंडामागं ५५ पेन्स भत्त्यातून कापतात. म्हणजे काम केलं तर हातात थोडं तरी जास्तच येतं. उतार आहे, कडा नाही. आपल्याकडं सगळे कडेच.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. विकसित भारत असं सुरू होणारं लांबलचक नाव आहे, त्याचं लघुरूप 'जी राम जी' होईल असं बेतून बसवलेलं. (नावं ठेवण्यात आपलं सरकार आणि आपली डिलिव्हरी टीम सारखीच.) दिवस १०० चे १२५ केले, मजुरीचा खर्च बहुतेक राज्यांसाठी केंद्र ६०, राज्य ४० असा वाटला, पेरणी-काढणीच्या हंगामात ६० दिवस काम बंद ठेवायची मुभा ठेवली. बेकारी भत्त्याचं कलम आहे, अपात्रतेच्या जुन्या अटी काढल्या असंही सरकार सांगतं. ते खरंच तसं राबवलं तर मंगळवार-शुक्रवारचा घोळ सुटेल, त्याचं श्रेय मी मोकळेपणानं देईन. पण ४० टक्क्यांचं गणित करून बघा. काम दिलं तर राज्याला मजुरीचे ४० टक्के, न दिलं तर, भत्त्याचा दर जुन्यासारखाच चौथा हिस्सा धरला तर, पहिल्या महिन्यात २५ टक्के. आणि मागणीच न लिहिली तर परत शून्य. भोक बुजवलं नाही, तिथपर्यंतचा रस्ता अजून गुळगुळीत केला.

हंगामाच्या सुट्टीचंही तसंच. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्याकडं अतिवृष्टी झाली, सोयाबीन उभंच्या उभं पाण्यात गेलं. मावशीला त्या वर्षी काढणीचं काम जवळजवळ मिळालंच नाही. अशा वर्षी पंचांग बघून 'काढणीचा हंगाम आहे, सबब काम बंद' असं जाहीर झालं तर तिनं काढायचं काय, चिखल?

मी काय मागतोय ते सरळ सांगतो, म्हणजे कॉमेंटमध्ये "मग उपाय सांगा" असं कुणी लिहायला नको. मागणी नोंदवायचं बटण मजुराच्या हातात द्या. आपल्याला पिझ्झाची ऑर्डर नंबरासह मेसेजवर येते, गॅस सिलिंडरचं बुकिंग मिस्ड कॉलवर होतं. मग जॉबकार्डाच्या नंबरावरून मिस्ड कॉल दिला की तारखेसह मागणी नोंदली गेली, मोबाईलवर मेसेज आला, हे करायला कुठला रॉकेट लागतो? मला आणि माझ्या टेबलावरच्या चौघांना द्या, दोन शनिवार-रविवारात करून देतो. अडचण तंत्राची नाहीच. मिस्ड कॉल खणात ठेवता येत नाही, ही अडचण आहे. आणि घड्याळ एकदा चालू झालं की लॉजच्या दिवसांचे पैसे वाटल्यास हिशोबानं कापा. मावशीची त्याला तक्रार नाही, मी विचारलंय. ती म्हणाली, "मी काम केलेल्या दिवसाचं दुबार कशाला घीन?"

त्या ग्रामरोजगार सेवकाबद्दल एक सांगायचं राहिलं. मे महिन्यात एकदा त्याच्याबरोबर चहा घेतला. तोही कागदोपत्री अर्धवेळच. कित्येक वर्षं त्यांचं मानधन गावात झालेल्या कामाच्या प्रमाणात ठरायचं. काम नाही तर मानधन नाही. २०२४ मध्ये सरकारनं महिन्याला आठ हजारांचा निर्णय जाहीर केला. मी विचारलं, मग तुम्हाला काम नसतं तेव्हा काय करता? म्हणाला, "मंगळवारी-शुक्रवारी तुळजापुरात पार्किंगला उभा असतो की."

कॅन्टीनमधला मित्र हे ऐकून हसला, मग गप्प झाला. मग त्यानं स्वतःची पेस्लिप उघडून ती २०० रुपयांची ओळ बघितली.

मावशीचा नवा अर्ज माझ्या बॅगेत आहे. नवरात्रात लॉजवर भरपूर काम होतं, पण दसऱ्यानंतर मालकानं मशिन घेतलं चादरी धुवायला, त्यामुळं आता फक्त पौर्णिमेला बोलावतो. दोन प्रती काढल्यात, एक त्यांना, एकीवर शिक्का मारून घ्यायला. सोमवारी मी परत घरून काम करणार आहे. मॅनेजरला सांगितलंय, सकाळी अकरा ते एक मीटिंग ठेवू नका.